कलाविषयक नियतकालिकांचे सूचिकोश आणि त्यांची वर्गणी

गेल्या पावसाळ्यांत एका महाविद्यालयाच्या ग्रंथपालांचें पत्र प्रस्तुत लेखकास आलें. त्यांच्याकडे कलेतिहासाचा पदव्युत्तर वर्ग नव्यानें सुरू व्हावयाचा होता. त्यासाठीं कलाविषयक नियतकालिकांचा एखादा संगणकीय सूचिकोश, म्हणजे ज्यास हल्लीं सर्वत्र 'डेटाबेस' म्हणतात तो, वर्गणी भरून घ्यावा कीं काय, असा त्यांचा पहिला प्रश्न होता. दुसरा प्रश्न पत्राच्या अगदीं शेवटीं, जणुं सहज आठवला म्हणून, लिहिलेला होता: तो घेतल्यास तळघरांतील जुन्या मासिकांचे बांधीव खंड काढून टाकण्यास हरकत आहे काय? पहिल्या प्रश्नापेक्षां हा दुसरा प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटला. असेच प्रश्न इतर ग्रंथपालांपुढेंहि येत असल्यामुळें त्या पत्रास दिलेलें उत्तर थोडें विस्तारून येथें देत आहों.

प्रथम सूचीची आवश्यकता. ग्रंथालयाची तालिका ग्रंथ सांगते, नियतकालिकांतील लेख सांगत नाहीं. अजिंठ्याच्या चित्रांचेंच उदाहरण घेऊं. लेडी क्रिस्टियाना हेरिंगहॅम यांनीं नंदलाल बोस, असितकुमार हालदार प्रभृति तरुण चित्रकारांच्या साहाय्यानें १९०९ ते १९११ या काळांत अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृति तयार केल्या, व त्यांचा ग्रंथ लंडनच्या इंडिया सोसायटीनें १९१५ सालीं प्रसिद्ध केला. हा ग्रंथ कोणत्याहि मोठ्या ग्रंथालयाच्या तालिकेंत सांपडतो. परंतु काम चालूं असतांनाच, १९१० सालीं, त्यांनीं लंडनच्या 'बर्लिंग्टन मॅगझीन' या मासिकांत या चित्रांवर जो लेख लिहिला, तो तालिकेंत कोठून सांपडणार? तालिकेंत फार तर 'बर्लिंग्टन मॅगझीन, खंड अमुक ते अमुक' एवढीच नोंद असते. त्या खंडांच्या पोटांत काय आहे हें सांगणारी दुसरी कोणती तरी किल्ली हवी. इतिहासाच्या अभ्यासकास ही अडचण नवीन नाहीं. दात्यांच्या 'मराठी ग्रंथसूची'नें इ. स. १८०० पासूनच्या मराठी ग्रंथांचा शोध केवढा सुकर केला हें सर्वांस ठाऊक आहे; पण ती सूची ग्रंथांची. मासिकांच्या पानांत विखुरलेल्या लेखांसाठीं आजहि एकेक अंक चाळीत बसावें लागतें.

कलाविषयक लेखांची अशी किल्ली तयार करण्याचा जो उद्योग सर्वांत दीर्घकाळ टिकला, तो अमेरिकेंतील एच. डब्ल्यू. विल्सन कंपनीचा 'आर्ट इंडेक्स' होय. हॅल्सी विल्सन या गृहस्थानें १८९८ सालीं मिनीआपोलिस येथें ग्रंथसूची छापण्याचा धंदा आरंभिला. त्याची युक्ति मोठी मनोरंजक होती. दर महिन्याची सूची छापून झाली म्हणजे इतर छापखानदार टाइप वितळवीत किंवा सोडवीत. विल्सन मात्र लायनोटाइप यंत्रावर ओतलेली प्रत्येक ओळ जपून ठेवी, पुढील महिन्याच्या नवीन ओळी वर्णानुक्रमानें त्यांच्यामध्यें बसवी, आणि सर्व मिळून एक संकलित सूची पुन्हा छापी. शिशाच्या त्या ओळींचे फडताळ म्हणजे आजच्या डेटाबेसचा पूर्वजच होता, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं. ओळ एकदां तयार करावयाची आणि हवी तितक्या वेळां, हव्या त्या क्रमानें लावावयाची, हें तत्त्व दोहोंचें एकच आहे. 'आर्ट इंडेक्स'चा आरंभ १९२९ सालच्या नियतकालिकांपासून झाला, व 'बर्लिंग्टन मॅगझीन'सारखीं प्रमुख कलामासिकें त्याच्या कक्षेंत आलीं.

या सूचीचा एक विशेष कलेच्या अभ्यासकास फार उपयोगाचा ठरला. तिच्यांत केवळ लेखांची नोंद होत नसे. मासिकांत छापलेल्या चित्राची नोंदहि त्या चित्रकाराच्या नांवाखालीं होत असे, मग त्याबरोबर त्याच्याविषयीं लेख असो वा नसो. एखाद्या प्रदर्शनाच्या वृत्तांतांत एका चित्राचा लहानसा ठसा आला असेल, तर त्याचाहि माग त्यामुळें लागतो. मूळ चित्र नष्ट झालें किंवा एखाद्याच्या खाजगी संग्रहांत गडप झालें, म्हणजे असा मासिकांतला ठसा हाच एकमेव पुरावा उरतो. साधनें शोधणाऱ्यास याहून अधिक काय सांगावें!

विल्सनच्या वर्गणीची पद्धतिहि लक्षांत ठेवण्यासारखी आहे. सर्वांस एकच किंमत न लावतां, सूचींत आलेल्या नियतकालिकांपैकीं किती नियतकालिकें त्या ग्रंथालयांत येतात हें पाहून तो वर्गणी ठरवी. ज्याच्याकडे अधिक मासिकें, त्यास सूचीचा उपयोग अधिक. म्हणून त्यानें अधिक द्यावें. लहान ग्रंथालयास ती सूची यामुळेंच परवडे. आज बहुतेक पुरवठादार वर्गणी ठरवितात ती संस्थेच्या एकंदर विद्यार्थिसंख्येवर. महाविद्यालयांत वाणिज्य व विज्ञान शाखांचे चार हजार विद्यार्थी असले आणि कलेतिहासाचे तीस, तरी आकडा चार हजारांचाच धरला जाण्याचा संभव असतो. हा आकडा वाटाघाटीनें बदलतां येतो. केवळ संबंधित विभागाची संख्या धरावी, किंवा एका वेळीं दोन अगर तीन वाचकांपुरतीच परवानगी घेऊन वर्गणी उतरवावी, अशी मागणी ग्रंथपालांनीं अवश्य करावी. पहिलें दरपत्रक म्हणजे शेवटचें दरपत्रक नव्हे. शिवाय ही किंमत बहुधा डॉलरांत असते व दरवर्षीं वाढते. वाढीची मर्यादा करारांतच लिहून घेतली नाहीं, तर तिसऱ्या वर्षीं ग्रंथालयसमितीपुढें नामुष्कीची वेळ येते.

आतां या जुन्या सूचीचें आजचें रूप पाहूं. विल्सन कंपनी २०११ सालीं एब्स्को या पुरवठादार कंपनीनें घेतली. तिच्या कलासूचीचे संगणकीय भाग पडले ते असे: १९२९ ते १९८४ या काळाची पूर्वकालीन सूची निराळी विकली जाऊं लागली, १९८४ पासून पुढील सूची 'आर्ट फुल टेक्स्ट' या नांवाच्या कोशांत आली. परंतु या कोशाच्या नांवावरून होणारा समज खरा नव्हे. त्यांत नोंदी १९८४ पासूनच्या असल्या तरी लेखांचा पूर्ण मजकूर १९९७ पासूनचा, आणि तोहि सर्व नियतकालिकांचा नव्हे. म्हणजे एकाच नांवाखालीं नोंद आणि मजकूर यांचे निरनिराळे आरंभकाल आहेत. पुरवठादाराच्या पत्रकांत 'इतकीं शेंकडों नियतकालिकें' असा जो मोठा आकडा छापलेला असतो, तो यांपैकीं कशाचा आहे हें विचारल्याशिवाय त्यास कांहींच अर्थ नाहीं. मजकूर असलेल्या नियतकालिकांतहि अलीकडील सहा महिन्यांचा, वर्षाचा किंवा त्याहून अधिक काळाचा भाग प्रकाशकाच्या इच्छेनें रोखून धरलेला असतो. 'जेस्टोर' हा १९९५ सालीं मेलन न्यासाच्या प्रेरणेनें उभा राहिलेला संग्रह याच्या उलट आहे. तेथें नियतकालिक पहिल्या अंकापासून मिळतें, पण पुष्कळ नियतकालिकांचीं शेवटचीं तीन ते पांच वर्षें मिळत नाहींत. शिवाय तो मूळचा सूचिकोश नव्हे, तर मजकुराचा सांठा आहे.

सूची आणि सांठा यांतील हा भेद पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. मजकुरांत शब्द शोधतां येतो, मग सूची कशास हवी, असें विचारलें जातें. उत्तर आपल्याच नांवांत आहे. अजिंठा हें नांव जुन्या इंग्रजी लिखाणांत दोन तऱ्हांनीं लिहिलेलें आढळतें. पुणें आणि मुंबई यांचीं इंग्रजी रूपें तर अधिकृतपणेंच बदललीं आहेत. राजा रविवर्मा कोठें 'रवि'खालीं, कोठें 'वर्मा'खालीं, तर कोठें दोन्ही शब्द जोडून येतात. यंत्र जें अक्षर दिलें तेंच शोधतें. सूचिकार मात्र लेख वाचून त्यास ठरलेलें विषयशीर्षक देतो, आणि सर्व रूपें त्या एका शीर्षकाखालीं गोळा करतो. ज्या लेखांत चित्रकाराचें नांव चुकीचें छापलें आहे, तोहि लेख त्यामुळें योग्य जागीं सांपडतो. वर्गणीचा खरा मोबदला हा मानवी श्रम आहे. पडद्यावर पान दिसणें हा नव्हे.

हा श्रम किती महाग आहे याची साक्ष एका श्रीमंत संस्थेच्या अनुभवावरून पटते. फ्रान्समध्यें १९१० पासून कला व पुरातत्त्व यांची एक सूची निघत होती. अमेरिकेंत १९७५ पासून 'रीला' नांवाची दुसरी निघूं लागली. दोहोंचें एकीकरण होऊन १९९० नंतर 'बिब्लिओग्राफी ऑफ द हिस्टरी ऑफ आर्ट' ही मोठी सूची झाली, व तिचा भार कॅलिफोर्नियांतील गेटी न्यासानें फ्रेंच सरकारी संशोधनसंस्थेबरोबर उचलला. २००७ च्या अखेरीस ही भागी संपली. गेटीनें पुढें कांहीं काळ काम चालविलें, पण लवकरच तेंहि सोडलें. २०१० सालीं १९७५ ते २००७ या काळाच्या नोंदी गेटीनें सर्वांस विनामूल्य खुल्या केल्या, आणि पुढील सूची 'इंटरनॅशनल बिब्लिओग्राफी ऑफ आर्ट' या नांवानें प्रोक्वेस्ट या कंपनीकडे वर्गणीवर गेली. यांत ग्रंथपालानें घेण्यासारखी व्यावहारिक गोष्ट ही कीं, तेहतीस वर्षांच्या नोंदींसाठीं त्यास एक पैहि द्यावी लागत नाहीं. कोणत्याहि कोशाची किंमत विचारण्यापूर्वीं त्यांतील किती भाग अन्यत्र फुकट मिळतो हें पाहावें. फ्लॉरेन्स, म्यूनिक, पॅरिस व रोम येथील जर्मन कलेतिहाससंस्थांची 'कुबिकाट' ही संयुक्त तालिका तर लेखांच्याहि नोंदी देते, आणि तीहि खुली आहे.

परंतु आमच्या विषयाचा सर्वांत नाजूक भाग पुढेंच आहे. या सूचींत हिंदुस्थानच्या कलेचें काय? वर सांगितलेल्या गेटीच्या सूचीची मर्यादाच मुळीं युरोपची कला व युरोपीयांच्या आगमनानंतरची अमेरिकेची कला अशी होती. आपली कला तींत आली तर युरोपच्या संबंधानें आली. 'आर्ट इंडेक्स'ची कक्षा अधिक व्यापक होती. पण तिचा आरंभ १९२९ चा. आतां आपलीं साधनें कोणत्या सालांचीं आहेत तें पाहावें. रंगीत शिळाछापाच्या उत्कृष्ट चित्रफलकांसाठीं नांवाजलेलें 'जर्नल ऑफ इंडियन आर्ट' १८८४ सालीं निघालें आणि १९१७ सालीं बंद पडलें. अर्धेंदुकुमार गांगुली यांचें कलकत्त्याचें 'रूपम्' १९२० ते १९३० चालले, म्हणजे त्या सूचीचा जन्म होतां होतां हें संपत आलें होतें. हेरिंगहॅम यांचा लेख १९१० चा. 'बर्लिंग्टन' त्या सूचींत असूनहि हा लेख तिच्या बाहेर राहतो. आणि पुण्याच्या चित्रशाळा छापखान्यांतून १९१० पासून निघालेलें 'चित्रमयजगत्', ज्यांत त्या काळच्या मराठी चित्रकारांचीं चित्रें महाराष्ट्राच्या घराघरांत पोंचलीं, त्या मराठी मासिकाची अपेक्षा अशा सूचींत करणेंच व्यर्थ. १९४६ सालीं मुंबईस मुल्कराज आनंद यांनीं काढलेल्या 'मार्ग'सारखें इंग्रजी नियतकालिक कोणत्या कोशांत, कोणत्या सालापासून व मजकुरासह कीं नोंदीपुरतें येतें, हें प्रत्येक कोशाच्या यादीवरून स्वतंत्रपणें तपासावें लागतें.

प्राचीन कलेपुरती मात्र एक निराळी परंपरा आहे. हॉलंडांतील लायडन येथील कर्न इन्स्टिट्यूटनें फोगेल या पंडिताच्या पुढाकारानें १९२६ च्या वाङ्मयापासून भारतीय पुरातत्त्वाची वार्षिक सूची काढण्यास आरंभ केला. पहिला खंड १९२८ सालीं बाहेर पडला. लेणीं, मूर्ति, ताम्रपट, नाणीं यांवर काम करणाऱ्यानें महागड्या सामान्य कोशाकडे वळण्यापूर्वीं हे खंड व त्याच परंपरेंतून पुढें निघालेली 'एबिया' सूची हाताळावी.

चित्रांची गोष्ट आणखी निराळी. कलेच्या लेखांत चित्र म्हणजे आभूषण नव्हे, तो पुरावा आहे. पण लेखाच्या मजकुराचा हक्क एकाकडे आणि चित्राचा दुसऱ्याकडे असल्यामुळें संगणकीय प्रतींत कित्येकदां चित्राच्या जागीं कोरा चौकोन येतो व हक्काच्या कारणानें चित्र वगळल्याची सूचना असते. स्वतंत्र लेखकांच्या हक्कांविषयीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें २००१ सालीं 'न्यूयॉर्क टाइम्स विरुद्ध टासिनी' या खटल्यांत लेखकांच्या बाजूनें निकाल दिला, त्यानंतर तर कित्येक लेखच कोशांतून काढून टाकण्यांत आले. जुन्या सूक्ष्मचित्रफितींवरून केलेल्या प्रतींत रंग नसतात. राखी छटाहि काळ्या-पांढऱ्यांत बुडून जातात. अशा प्रतीवरून शैलीविषयीं विधान करणें म्हणजे ताम्रपटाचा पुसट ठसा पाहून लिपीचा काळ ठरविण्यासारखेंच होय.

येथें प्रस्तुत लेखकाचा एक अनुभव नमूद करणें अस्थानीं होणार नाहीं. एका ग्रंथालयांत लंडनच्या 'स्टुडिओ' मासिकाचे जुने खंड होते. त्यांपैकीं एका खंडांत कोणा कलाशिक्षकानें समासांत पेन्सिलीनें मराठींत टिपणें केलेलीं होतीं. कोणतें चित्र वर्गांत उतरवून घेतलें, कोणता रंग येथें मिळत नाहीं, अशा स्वरूपाचीं. तीं उतरून घ्यावीं म्हणून कांहीं वर्षांनीं पुन्हा गेलों, तेव्हां खंड रद्दींत गेल्याचें समजलें. 'आतां सर्व संगणकावर आहे,' असें उत्तर मिळालें. संगणकावर पाहूं गेलों तर कोशाची वर्गणी दोन वर्षांपूर्वींच थांबलेली! 'स्टुडिओ'चीं पानें पुढें जर्मनींतील हायडेलबर्ग विद्यापीठाच्या खुल्या संग्रहांत उत्तम रंगांत पाहावयास मिळालीं, हें कृतज्ञतेनें सांगितलें पाहिजे. पण तीं पानें हायडेलबर्गच्या प्रतीचीं. आमच्या शिक्षकाचीं टिपणें गेलीं तीं गेलीं.

म्हणून वर्गणी म्हणजे खरेदी नव्हे, तें भाडें आहे, हें कराराच्या प्रत्येक कलमाकडे पाहतांना स्मरणांत असावें. छापील 'आर्ट इंडेक्स'ची वर्गणी थांबली तरी आलेले खंड कपाटांत राहत. डेटाबेसची वर्गणी थांबली कीं दुसऱ्या दिवशीं दार बंद. कांहीं पूर्वकालीन संग्रह एकरकमी मूल्य देऊन कायमचे घेतां येतात; ज्या काळांत भर पडावयाची नाहीं, त्या काळाचा भाग अशा रीतीनें घेणें शक्य असेल तर घ्यावा, आणि वार्षिक वर्गणी चालूं काळापुरतीच ठेवावी. आमच्यासारख्यांच्या दृष्टीनें दुसरें एक कलम महत्त्वाचें आहे: ग्रंथालयांत येऊन बसणाऱ्या बाहेरच्या वाचकास तेथील यंत्रावर कोश वापरूं देण्याची मुभा. महाराष्ट्रांतील पुष्कळसें इतिहासकार्य विद्यापीठांबाहेरच्या माणसांनीं केलें आहे. पूर्वीं ग्रंथपालाच्या ओळखीनें त्यांस कपाटापर्यंत जातां येई. आज परवलीचा शब्द नसल्यामुळें ते दाराबाहेरच राहतात. हें कलम पुष्कळ करारांत असतें, परंतु ग्रंथपालांस तें ठाऊक नसतें आणि वाचकांस तर नसतेंच. दुसऱ्या ग्रंथालयास एखाद्या लेखाची प्रत पाठविण्याचा अधिकारहि तसाच लिहून घ्यावा.

केंद्र सरकारनें नोव्हेंबर २०२४ मध्यें मंजूर केलेल्या 'एक राष्ट्र, एक वर्गणी' या योजनेचा उल्लेख येथें करणें प्राप्त आहे. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठीं ६,००० कोटि रुपयांची तरतूद तींत असून ३० प्रकाशकांचीं सुमारें १३,००० नियतकालिकें सरकारी उच्च शिक्षणसंस्थांस व केंद्रीय संशोधनसंस्थांस त्यांतून मिळावयाचीं आहेत. ज्या संस्थेस तिचा लाभ आहे तिनें तेंच नियतकालिक पुन्हा एखाद्या कोशांतून विकत घेऊं नये, म्हणून दोन्ही याद्या शेजारीं ठेवून ताडून पाहाव्या. पण ही योजना मुख्यतः नियतकालिकांची आहे. त्यांतील लेख शोधून देणाऱ्या विषयसूचीची गरज तिच्यामुळें संपत नाहीं. आणि न्यासाच्या रूपानें चालणारीं जुनीं संशोधनमंडळें तिच्या कक्षेंत आपोआप येत नाहींत.

या सर्वांवरून ग्रंथपालांस आम्हीं असें कळविलें कीं, वर्गणी भरण्यापूर्वीं पुरवठादाराकडून एक महिन्याची विनामूल्य चांचणी मागून घ्यावी. ती बहुधा मिळते. त्या महिन्यांत पुरवठादाराचा प्रतिनिधि दाखवील तीं उदाहरणें न पाहतां आपल्याच प्राध्यापकांकडून दहा प्रश्न लिहून घ्यावे: पैठणी चित्रपोथ्या, धुरंधरांचीं चित्रें, वेरूळ, मराठा काळांतील भित्तिचित्रें, मुंबईच्या कलाशाळेचा इतिहास, आणि बरोबरीनें युरोपच्या कलेचेहि दोनतीन. प्रत्येक प्रश्नास किती नोंदी मिळाल्या, त्यांपैकीं किती लेखांचा मजकूर उघडला, आणि उघडलेल्यांत चित्रें शाबूत होतीं कीं नाहीं, हे तीन रकाने आंखावे. तोच शोध खुल्या सूचींत करून चौथा रकाना भरावा. अभ्यासक्रमांत युरोपच्या कलेचा भाग मोठा असेल तर कोश बहुधा वर्गणीच्या मोलाचा ठरेल. केवळ भारतीय कला शिकविली जाणार असेल तर तो पैसा निवडक नियतकालिकांच्या वर्गणीस व एका सूचिकाराच्या वेतनास लावणें अधिक फलदायी होईल, असें आमचें मत आहे. पहिल्या वर्षाअखेर पुरवठादाराकडून वापराचे आंकडे घ्यावे, आणि नूतनीकरणाची मुदत येण्याच्या तीन महिने आधीं ते समितीपुढें ठेवावे. एक खंडहि काढण्यापूर्वीं तो कोणत्या खुल्या अगर कायम विकत घेतलेल्या संग्रहांत पूर्ण व रंगीत आहे, हें पान पान ताडून पाहावें. टिपणें, शिक्के किंवा देणगीची नोंद असलेला खंड काढूंच नये.

दिवाळीनंतर त्यांनीं तळघरांतील खंडांची यादी पाठविली. तींत 'रूपम्'चे चार खंड व 'चित्रमयजगत्'चीं कांहीं अपुरीं वर्षें आहेत. कोशाची चांचणी अद्याप चालूं आहे. खंड मात्र तळघरांतून वरच्या कोरड्या खोलींत हलविले आहेत, आणि 'चित्रमयजगत्'मधील चित्रांच्या नोंदी चित्रकारांच्या नांवांनीं चिठ्ठ्यांवर उतरविण्याचें काम त्या वर्गांतील दोन विद्यार्थिनींनीं हातीं घेतलें आहे.